सौर प्रकल्पावरचा बघण्याचा कार्यक्रम

शनिवार उजाडला की शालिग्राम बोंद्रे इस्त्रीचा शर्ट घालायचे, थोडं अत्तर लावायचे आणि स्कूटर काढून नवा रायपुरच्या पलीकडचा सौर प्रकल्प बघायला निघायचे. एकदा नाही, दर शनिवारी. त्यांच्या तेलीबांध्याच्या बिल्डिंगचा वॉचमन विचारायचा, "अंकलजी, आज फिर?" शालिग्राम घाईत असल्यासारखे म्हणायचे, "हव भैया, काम है." काम कसलं डोंबलाचं! रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसाचं सूर्याच्या प्लेटींशी काय काम असणार?

खरं सांगायचं तर त्यांना कुणाशी तरी मराठीत बोलायचं होतं. जन्म तिकीट तपासण्यात गेलेला, म्हणजे डबाभर माणसांशी बोलण्यातच. बायको सरला होती तोवर घरीही तोंडाला उसंत नव्हती. ती गेली आणि घरात कुकरच्या शिट्टीशिवाय कुणी बोलेना. मुलगा पुष्कर पुण्यात. रविवारी त्याचा फोन यायचा, "पापा, खाना खाया? दवाई ली?" बाप मराठीत बोलायचा, पोरगा हिंदीत उत्तरं द्यायचा, आणि शालिग्राम हवापाणी, वांग्याचे भाव असं काहीबाही काढून फोन लांबवत राहायचे. मराठी मंडळात सगळे जोडीनं येतात, म्हणून तिकडे जाणंही त्यांनी सोडलं होतं.

प्रकल्पावर ते पहिल्यांदा गेले ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर. पिवळं जॅकेट आणि हेल्मेट घातलेली गाइड मुलगी हिंदीत सगळं समजावत होती. एक आजोबा वायरीत पाय अडकून पडता पडता वाचले, तशी तिच्या तोंडून निघालं, "अव माय!" शालिग्रामांनी कान टवकारले. पोट्टी आपली आहे!

तेव्हापासून शनिवार ठरला. बहुतेक वेळा दुसरं कुणीच नसायचं. ती गाइड मुलगी, कौमुदी डोंगरे, त्यांच्या एकट्यासाठी सगळं मराठीत सांगायची. ऊन प्लेटीवर पडतं कसं, वीज होते कशी, धूळ पुसणारं यंत्र प्लेटींवरून सरकतं कसं. शालिग्रामांना भाषण पाठ झालं होतं. पण ते संपलं की शनिवार संपायचा, आणि शनिवार संपला की आठवड्यात पुढे काहीच नसायचं. म्हणून ते प्रश्न विचारत राहायचे. प्लेटींचे प्रश्न संपले, मग बाकीचे सुरू झाले.

"मूळ गाव कोणतं म्हणे तुमचं?"

"अचलपूरकडचं, काका."

"अन् आजोळ?"

"वर्धा."

"वा वा! स्वयंपाक आई करते का तू?"

"रविवारी मी करते."

"छान. माझा पोरगा पुण्यात आहे, इंजिनिअर."

आता तुम्हीच सांगा, मुलाचा बाप इस्त्रीच्या शर्टात येऊन लग्नाच्या पोरीला आजोळ आणि स्वयंपाक विचारतो, तर मराठी घरात त्याचा अर्थ काय होतो? कौमुदीनं हे घरी सहज सांगितलं आणि तिच्या आईच्या, इंदूबाईंच्या, हातातलं लाटणं थांबलं. "अवं, इतक्या वेळा कोणी प्लेटी पाहाते का? पोरासाठी पोरगी पाहून राहिला तो माणूस!"

पुढच्या शनिवारी प्रकल्पावर दोन नवे पाहुणे हजर. एक इंदूबाई, दुसरे त्यांचे भाऊ नाना, पंडरीच्या बाजारातले कापडवाले. आज आपल्याबरोबर चक्क मराठी माणसं आहेत, म्हणून शालिग्राम हरखून गेले. सगळे मिळून हिंडले. नाना प्लेटी सोडून यांच्याच खांद्यांकडे बघत होते.

"पोरगा तुमच्याच अंगानं असंन न?"

"हो जी, अगदी मीच!"

किती आपुलकीची माणसं, असं शालिग्रामांना वाटलं.

मग इंदूबाईंनी बाकावर डबा उघडला. थोड्या वेळानं डोक्यावर हेल्मेट असलेली कौमुदी ताटात पोह्यांच्या बश्या घेऊन खालमानेनं आली आणि तिनं पहिली बशी शालिग्रामांपुढे धरली. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. असल्या बश्या त्यांनी स्वतःच्या लग्नाआधी खाल्ल्या होत्या. पुष्करच्या वेळी मात्र नाही, कारण त्यानं पंजाबी मुलगी स्वतःच पसंत केली होती, आणि लग्नालाही आता चार वर्षं झाली होती.

"बाई, एक सांगाचं होतं..."

"आधी खा, भाऊ. थंड पोह्यात काही मजा नाही."

त्यांनी खाल्ले. सरला गेल्यापासून समोर बसून "अजून घ्या" म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. नानांना वाटलं मिरची लागली.

"मंग, पोरगा कधी येऊन राहिला?" नानांनी विचारलं.

"दिवाळीत," शालिग्राम म्हणाले. झालं! जीभ घसरली ती घसरलीच.

दुसऱ्या दिवसापासून इंदूबाईंचा रोज फोन. "भाऊ, जेवले का?" शनिवारी कौमुदीच्या हाती डबा, कधी झुणका, कधी अंबाडीची भाजी. नानांनी नवरदेवासाठी सुटाचं कापड पाठवलं. शालिग्रामांनी ते कपाटात ठेवलं. रोज ते बंद कपाटापुढे तसेच उभे राहायचे. खरं सांगावं तर शनिवार जाणार, फोन जाणार, पुन्हा आपली कुकरची शिट्टी. न सांगावं तर एका भल्या पोरीच्या लग्नाचा खेळखंडोबा. शेवटी इंदूबाईंनी पुष्करची पत्रिका मागितली.

त्या शनिवारी ते धुतलेले डबे आणि सुटाचं कापड पिशवीत घालून गेले. तिघंही तिथे होते. प्लेटींच्या रांगेत उभं राहून त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "माझ्या पोराचं लग्न झालं आहे. चार वर्षं झाले. मी तुम्हाले फसवलं. मले कोणाशी तरी बोलाचं होतं जी, बस. एकट्यानं जीव खायला उठते. आता नाही येत मी."

मग इंदूबाई म्हणाल्या, "चारच झाले का? मंडळात तर पाच सांगत होते."

"म्हंजे?"

"अवो, पोरगी द्याची तर चौकशी नाही करत का माणूस? पोहे खाल्ले त्याच संध्याकाळी मंडळात विचारलं. रिसेप्शनले जेवून आलेलेच लोक भेटले. छोले झकास होते म्हणे."

"मंग पत्रिका काहून मागितली?"

"तुम्ही कधी खरं बोलता त्याची वाट पाहून पाहून थकली मी!"

"मले काहून नाही सांगितलं?" नाना ओरडले. "माझा सूटपीस!"

"तुझ्या पोटात काही राहाते का, नाना?"

शालिग्रामांनी पिशवीतले डबे चाचपले. "अन् हे रोजचे फोन? हे डबे?"

इंदूबाई प्लेटींकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "हिचे बाबा गेल्यापासून दोघींपुरतं रांधणं जमतच नाही मले. उरतेच. अन् घरी ही येईपर्यंत मी तरी कोणाशी बोलू?"

कौमुदीनं हेल्मेट पुढे केलं. "घाला काका. तुम्ही नाही आले तर मी शनिवारी काय खुर्च्याइले प्लेटी दाखवू?"

नानांनी एकदा कापडाकडे आणि एकदा शालिग्रामांच्या खांद्यांकडे पाहिलं. "जाऊ द्या. माप तर तुमचंच घेतलं होतं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, इंदूबाईंकडे सगळे खायला बसले होते तेवढ्यात पुष्करचा फोन आला. "पापा, खाना खाया?"

"इथं सगळ्यांसंगं खाऊन राहिलो रे. मंग कर फोन, पोहे थंड होऊन राहिले." आणि शालिग्रामांनी फोन ठेवून दिला. पोराचा फोन त्यांनी आधी ठेवला, असं आजवर कधी झालं नव्हतं.

मिनिटभरात तो पुन्हा वाजला. पलीकडे पुष्कर होता, अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत विचारत होता, "पापा... तुम्ही कोणाकडे आहे?"