उशिरा पोचणारी उत्तरं

माने सरांच्या घराची बेल वाजवली, की ते दार उघडतात, ओठांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हळू. उत्तर वाटेत आहे." कुणाचं उत्तर, कुठल्या वाटेत, हे विचारायची सोय नसते. आपण चपला काढून चोरपावलांनी आत जायचं.

सर आमच्या सांगलीच्या कॉलनीत कायमचे राहायला आले त्याला दोन वर्षं झाली. मूळचे तासगावकडचे. सगळी नोकरी दूरच्या शहरांत, मोठमोठ्या संगणकांवर संशोधन करण्यात गेली. म्हणजे एखादं अवघड गणित हजारो यंत्रांना वाटून द्यायचं, सगळ्यांनी ते एकाच वेळी करायचं, आणि शेवटी उत्तरं गोळा करायची. कॉलनीला त्यातलं एवढंच कळलं, की माणूस हुशार आहे आणि हुशारीचा डोक्यावर परिणाम झालाय.

तसं वाटायला कारणंही होती. गणपतीच्या जेवणाला सोळा बायका पुऱ्या लाटत होत्या आणि तळायला एकट्या कुलकर्णी आजी. सर हात मागं बांधून अर्धा तास बघत उभे. मग मला म्हणाले, "आणखी वीस लाटणी आणलीत तरी पंगत वेळेवर बसणार नाही. सगळ्यांचा वेग म्हणजे आजींचा वेग."

"मग आजींना उठवू का?"

"छे! हळू आहे म्हणून कुणाला उठवायचं नसतं. थांबायचं."

आणि ते खरंच थांबले. शेवटच्या पंगतीला आजींबरोबर जेवले.

माझा कुपवाडला फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. सरांना घरातल्या जुन्या संगणकांसाठी लोखंडी रॅक हवा होता. एका दुपारी मी आणि माझा वेल्डर दादू तो बसवायला गेलो. दादू पन्नाशीचा, तीस वर्षं आगीशी खेळलेला माणूस. मधल्या खोलीत वीस-बावीस संगणक जमिनीवरच घुमत होते. खिडक्या बंद, हिरवे दिवे लुकलुकतायत. आम्ही बोल्ट आवळत होतो आणि वीज गेली. घुमणं एकदम थांबलं. इतकं शांत झालं, की दादूचा श्वास मला ऐकू यायला लागला.

आणि आतल्या खोलीतून एका बाईचा आवाज आला. सपाट, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"हिरवी. मोरपंखी काठाची."

कुणी काही विचारलंच नव्हतं. सरांनी खिशातून वही काढली, घड्याळ बघितलं आणि पुटपुटले, "सकाळी नऊला विचारलेलं. आज लवकर पोचलं."

दादूनं हातातला पाना खाली ठेवला आणि अनवाणीच घराबाहेर पडला. मी त्याला कोपऱ्यावर गाठलं, तर म्हणतो, "मालक, मी न्हाई येत परत. त्या घरात बाई हाय बी आन न्हाई बी."

ती बाई म्हणजे सुलभाकाकू, सरांची बायको. तो आवाज मीही वर्ष-दीड वर्षात ऐकला नव्हता. काकू या घरात वर्षानुवर्षं एकट्या राहिल्या. सर सुट्टीला पाहुण्यासारखे यायचे. मग काकूंना विसरायचा आजार जडला, बोलणं तुटत गेलं, आणि सर नोकरी सोडून आले. तेव्हापासून काकू खिडकीपाशी खुर्चीत बसतात, नजर समोरच्या भिंतीवर. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, त्यांना आता काही पोचत नाही, बोलल्या तरी त्याला अर्थ नाही.

सरांनी ते मानलं नाही. ते रोज सकाळी काकूंना विचारतात, आज साडी कुठली, चहा किती गोड. प्रश्न वहीत लिहितात आणि कामाला लागतात. उत्तर संध्याकाळी येतं, कधी चार दिवसांनी. काकूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द टिपला जातो, आणि ते सगळे संगणक मिळून तो मागच्या सगळ्या प्रश्नांशी ताडून बघतात.

"सर, पण हे तुम्हीच जुळवून घेत असाल," मी एकदा धीर करून म्हणालो.

ते चिडले नाहीत. "असेलही. हजार यंत्रांतलं एखादं मधेच गप्प बसतं. ते मेलंय की नुसतं हळू झालंय, हे दुरून कळत नाही. कळायला मार्गच नाही. म्हणून मी नियम केला होता. ठरावीक सेकंद वाट बघायची, मग मेलं समजून सोडून द्यायचं. त्या नियमावर माझं नाव झालं." त्यांनी चष्मा पुसला. "तो मी घरात लावणार नाही."

मी रॅक बसवायला गेलो त्या दिवशी रीत म्हणून विचारलं होतं, "काकू, बऱ्या आहात ना?" दहा दिवसांनी सर स्कूटरवरून थेट कुपवाडला आले आणि ग्राइंडरच्या आवाजात माझ्या कानाशी ओरडले, "तुमचं उत्तर आलंय! गुडघा दुखतो म्हणाली!" एवढं सांगून परत गेले. कारखाना दिवसभर हसत होता.

सुभेदारांच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. सुभेदार आमचे शेजारी, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. येता-जाता काकूंच्या खिडकीत थांबायचे आणि विचारायचे, "वहिनी, वळखलं का मला?" काकू गप्प. थंडीत सुभेदार गेले. तेराव्याच्या जेवणाला आम्ही बसलो होतो, तर सर वही घेऊन आले. हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले आणि निरोप द्यावा तसं म्हणाले, "सुभेदार, काल दुपारी आलं बघा. 'वळखलं की, भावजी,' म्हणाली."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. सुभेदारांची बायको तेवढी हळूच म्हणाली, "बरं झालं. लय लागलं हुतं त्यांच्या मनाला."

मागच्या महिन्यात रॅकचा एक खण हलतोय असा फोन आला, म्हणून मी दुपारी गेलो. दादू नाही म्हणजे नाहीच आला. काम उरकलं, सरांनी चहा केला, काकूंच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बिस्किटांची बशी ठेवली. मी पहिला घोट घेतला आणि काकू बोलल्या. या वेळी आवाज सपाट नव्हता. स्वयंपाकघरातून हाक यावी तसा, जरा घाईचा होता.

"पाय धुऊन घ्या. पान वाढते."

सरांनी पेन्सिल उचलली. मधल्या खोलीत घुमणं वाढलं. आठवडा, महिना, वर्ष. पडद्यावर तारखा मागं मागं सरकत होत्या आणि काही जुळत नव्हतं. मग पहिल्या तारखेपाशी सगळं थांबलं. सर पडद्याकडं बघत राहिले. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि वही माझ्याकडं सरकवली.

पहिल्याच ओळीत, ते कायमचे घरी आले त्या दिवसाची तारीख होती आणि एक प्रश्न. "मला यायला लय उशीर झाला का गं?" पुढची जागा कोरी होती.

संसारात रोज म्हटलेलं वाक्य असेल, असंच सुटलं असेल, असं माझ्या मनात आलं. सरांनी ती जागा भरली नाही. पेन्सिल खाली ठेवून ते उठले. न्हाणीघरात बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. ओल्या पायांनी बाहेर आले आणि काकूंच्या समोर फरशीवर मांडी घालून बसले.

काकूंची नजर भिंतीवरच होती. पण हात सावकाश स्टुलावर गेला, बशीतलं एक अर्धं बिस्किट चाचपून उचललं आणि सरांच्या पुढ्यात फरशीवर ठेवलं. सरांनी त्याचे चार तुकडे केले आणि एकेक चावून, पोटभर जेवतात तसे, मान खाली घालून खाल्ले.