साळोजीच्या बटाट्यांची चव चाचणी

एका जंगलात, मुलांनो, साळोजी नावाचं एक साळिंदर राहत असे. स्वभावानं अगदी मऊ. काटे असायचे ते फक्त अंगावर.

मागच्या हंगामात त्याच्या बटाट्यांवर करपा पडला आणि सगळं पीक गेलं. म्हणून जंगलातल्या बटाटा संशोधन केंद्रानं त्याला नव्या वाणाचं टोपलीभर बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, दिलं. तेवढंच. ते रुजलं तर वर्षभर घरात बटाटा, नाहीतर चूल थंड.

लावणीच्या सकाळीच केंद्रातले करकोचेसाहेब आले. बरोबर चव चाखणारे अस्वलराव.

"थांबा साळोजी. या वाणाची चव चाचणी राहिलीय."

"आधी लावू द्या की साहेब. पीक आलं की पोटभर चाखा."

"आणि बेचव निघालं तर? केंद्राची अब्रू जाईल."

साळोजीला कुणाला नाही म्हणता येत नसे. त्याची बायको गोदूबाई मुकाट्यानं बटाटे सोलायला बसली.

अस्वलरावांनी उकडून खाल्ले. "मत बनत नाही," म्हणाले. मग भाजून खाल्ले. "आता बनतंय थोडंथोडं." मग रस्सा झाला. करकोचेसाहेबांनी त्यात चोच बुडवली.

"मीठ कमी आहे. हा वाणाचा दोष धरायचा का?"

"मिठाचाच धरा," गोदूबाई आतून म्हणाली.

टोपली रिकामी झाली. वाण उत्तम ठरला. पाहुणे ढेकर देत गेले.

साळोजीचे डोळे भरून आले. "आता काय लावू गं?"

"सालं लावा. मुद्दाम जाड काढलीत. प्रत्येकावर एकेक डोळा ठेवलाय, तिथून कोंब फुटेल. उठा, कुदळ घ्या."

दोघांनी सालं लावली. बटाटे आले, चांगले मुठीएवढे.

काढणीच्या दिवशी पाहुणे पुन्हा हजर. या वेळी अस्वलरावांनी मीठ घरून आणलं होतं.

"लावणी शिफारशीप्रमाणे केलीत ना?" करकोचेसाहेबांनी विचारलं.

साळोजीला खोटंही बोलता येत नसे. "नाही साहेब. सालं लावली."

साहेबांनी एका पायावर उभं राहून विचार केला.

"सालं लावा अशी केंद्राची शिफारस नाही. त्यामुळे हे बटाटे नाहीत."

"पण वास तर बटाट्याचाच येतोय," अस्वलराव हळूच म्हणाले.

"जे बटाटेच नाहीत, त्यांची चव चाचणी कशी करणार, अस्वलराव? चला."

अस्वलराव गेले, पण वळूनवळून बघत गेले. आणि साळोजीच्या घरी, बटाटे नसलेल्या त्या बटाट्यांची भाजी शिजली. दोघांनी पोटभर खाल्ली.

तात्पर्य: शेती नेहमी शिफारशीबाहेर करावी. पिकाचा भरवसा नाही, पण आलंच तर ते आपल्याच पोटात जातं.