आधी गोगलगायींचं बघू

दान देणं ही मोठ्या जबाबदारीची गोष्ट आहे. न देणं त्याहून जबाबदारीची, म्हणून ते काम जाणत्या माणसांनीच करावं.

दातांचे डॉक्टर असे जाणते होते. त्यांचा दवाखाना ज्या इमारतीत होता, तिथल्या गाळेवाल्यांनी एक मदतनिधी काढला होता आणि डॉक्टर त्याचे अध्यक्ष होते. बाकी सभासद दोन: वरच्या मजल्यावरचे वकील आणि खालचा चष्मेवाला. (निर्णय नेहमी एकमताने होत. ते मत डॉक्टरांचं असे.)

यंदा अर्ज एकच आला. इमारतीचे जिने झाडणाऱ्या मावशींच्या खोलीचे पत्रे वादळात उडाले होते. पायांनी अधू झालेल्या सासूला घेऊन त्या ताडपत्रीखाली राहत होत्या, आणि पाऊस तोंडावर आला होता.

दुसरी कुठली समिती असती तर पैसे देऊन मोकळी झाली असती आणि मग चहा मागवला असता. डॉक्टरांनी आधी चहा मागवला. घोट घेऊन विचारलं, "पत्रे बसले की खोली कोरडी होणार. मग तिथल्या ओलीतल्या गोगलगायींनी जायचं कुठे?"

चष्मेवाला हसला. डॉक्टर हसले नाहीत, तेव्हा तो घाईघाईने चष्मा पुसू लागला.

झालं होतं असं, की डॉक्टरांनी नुकतंच एक व्याख्यान ऐकलं होतं. आपण माणसांना दान देतो, पण त्यामुळे रानातल्या, भिंतीतल्या, मातीतल्या जिवांचं काय होतं याचा कुणी विचारच करत नाही, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांना अन्न गोड लागत नव्हतं. माणूस मुळातच हळवा. दाढ उपटताना पेशंटच्या आधी त्यांचेच डोळे भरून येत. (बिलावर त्याचा परिणाम होत नसे.)

"गोगलगायीच्या पोटात पाय असतात हे सगळे सांगतात," डॉक्टर म्हणाले, "पण त्या पोटात भूक किती असते, कुणी विचारलंय?" मग त्यांनी हिशेब मांडला. गोगलगायी गेल्या की बेडूक उपाशी. बेडूक गेले की डास वाढणार. डास वाढले की पालींची चंगळ. पण मग डासांचं काय? आणि मुळात डासाचा जन्म सुखाचा की दुःखाचा? सुखाचा असेल तर डास वाढलेले बरे, दुःखाचा असेल तर बिचारे जन्मालाच न आलेले बरे.

"आणि हे आपल्याला माहीत नाही हो!" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापला.

पाहणी करायचं ठरलं. तोवर पाऊस लागला होता. समिती छत्र्या घेऊन खोलीवर गेली आणि वकिलांनी पुढीलप्रमाणे अहवाल दिला. गोगलगायी अकरा, पैकी सुखी चार, दुःखी दोन, मत देण्यास नकार पाच. बेडूक एक (चर्चा सोडून निघून गेला). सासूबाई एक (विषयाच्या कक्षेबाहेर).

"डॉक्टर, ती बादली जरा इकडे सरकवता का? पाठीवर गळतंय," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बादलीत डोकावून पाहिलं. पाण्यात डासांची पिल्लं वळवळत होती. "नको, आत वस्ती आहे," ते हळूच म्हणाले.

पुढच्या बैठकीत वकिलांनी पाचर मारली: पैसे न देण्याचाही कुठल्या तरी जिवावर परिणाम होणारच. डॉक्टर हादरले. आता पैसे अशाच ठिकाणी खर्चणं भाग होतं, जिथे मुंगीलाही शिरकाव नाही. बराच शोध घेतल्यावर तशी एकच जागा सापडली: दारंखिडक्या बंद केलेली, समितीच्या बैठकीची खोली. तिथे एसी बसवला. (त्यासाठी खिडकीबाहेरचं कबुतरांचं घरटं काढावं लागलं. ते मावशींनी काढलं. कबुतरं बेघर होणार हे नक्की असल्यामुळे अनिश्चिततेचा प्रश्नच आला नाही.)

चार दिवसांनी मावशी जिना अर्धा झाडून दवाखान्यात आल्या. सासूबाईंना ताप भरला होता, सरकारी इस्पितळात ठेवावं लागलं होतं. "पत्र्यांचं काय झालं, डॉक्टर? घरी आणायचं तर कुठे आणू त्यांना?"

डॉक्टरांचे डोळे डबडबले. "मावशी, तुम्हाला नाही म्हणणं जिवावर येतं हो. पण किती जिवांचा प्रश्न आहे, तुम्हाला कल्पना नाही."

"सासूबाई धरून किती?" मावशींनी विचारलं.

डॉक्टरांनी डोळे पुसून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मावशी उरलेला जिना झाडायला गेल्या.

वाचकहो, डॉक्टरांना खुशाल हसा. पण नाही म्हणण्यासाठी त्या बिचाऱ्याला व्याख्यान ऐकावं लागलं, चिखलात उतरावं लागलं, बैठकांवर बैठका घ्याव्या लागल्या, वर रडावंही लागलं. मागच्या खेपेला तुमच्यापुढे कुणी हात पसरला, तेव्हा तुम्हाला किती वेळ लागला होता?