कातळवाडीचा हुंकार

योगिनीबाई मंडणगडहून परतल्या त्या कैरीसारख्या हिरव्या पडून. शिबिर छान होतं, जेवण छान होतं, वक्ते तर फारच छान होते. पण जाता-येता एस.टी.ने एकही वळण त्यांना सुखाने घेऊ दिलं नव्हतं. निघताना सातवीतल्या समरीनने हातात दाबलेली आलेपाकाची पुडी पहिल्याच घाटात संपली होती. शाळेच्या पायरीवर पिशवी टेकवून त्या मुख्याध्यापक मयेकर गुरुजींना पहिल्यांदा म्हणाल्या ते हेच,

"सर, काहीही करा, पण मला पुन्हा मंडणगडला पाठवू नका."

"नाही पाठवत. शिकवलं काय ते सांगा."

"सॉफ्ट स्किल्स."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलं मोठी होऊन नोकरीला लागली की कसं वागायचं ते. सोबतच्यांशी बोलायचं कसं, साहेबाचं ऐकायचं कसं, पटलं नाही तरी भांडायचं कसं नाही. हे म्हणे आता सहावी-सातवीपासूनच शिकवायचं."

गुरुजींनी पटांगणाकडे पाहिलं. सातवीतला बाबल्या सहावीतल्या हमझाच्या पाठीवर बसला होता आणि चिंचेची खालची फांदी नक्की कोणाची, हे त्याच्याकडून वदवून घेत होता.

"करा सुरुवात," गुरुजी म्हणाले, "पण लवकर करा. शिमग्याआधी खानविलकर साहेब येतायत. आपला पट कमी. सहावी-सातवीचा वर्ग खाडीपलीकडच्या मोठ्या शाळेत हलवायचं चाललंय. साहेब जसा अहवाल देतील तसं होईल."

योगिनीबाईंनी टेकवलेली पिशवी उचलली आणि त्या तशाच वर्गाकडे वळल्या.

सांगलीहून त्या कातळवाडीला आल्या त्याला दोन वर्षं झाली होती. पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या काठाला चिकटलेली ही वाडी. पायाखाली तांबडा कातळ, डोक्यावर सुरूच्या झाडांची सळसळ, आणि वर्गात सहावी-सातवीची मिळून अकरा पोरं. अकराच, पण अकरा दिशांना तोंडं असलेली. वर्ग पलीकडे गेला तर रोज होडीने जावं लागणार. पावसाळ्यात होडी बंद. मग आधी मुली घरी राहणार, आणि एकदा घरी राहिलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, हे बाईंना कोणी सांगायला नको होतं. समरीन बाकावर बसून पाय हलवत कविता म्हणायची तेव्हा तिच्या पैंजणांना आपोआप ताल सापडायचा. तो ताल आपल्या वर्गातून जाऊ द्यायचा नाही, एवढं बाईंनी मनाशी धरलं.

पहिला धडा होता नीट ऐकण्याचा.

"समोरचा बोलत असला की तीन गोष्टी करायच्या," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे बघायचं, मान हलवायची आणि प्रतिसाद द्यायचा."

"प्रतिसाद म्हणजे काय वं बाई?" बाबल्याने विचारलं.

"आपलं लक्ष आहे, हे बोलणाऱ्याला कळायला हवं. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो ना, तसं."

"आमचा आबा गाऱ्हाणा घालतो तेव्हा आमी देतो, तसा?"

सांगलीच्या योगिनीबाईंनी गाऱ्हाणं कधी ऐकलं नव्हतं. "हो, अगदी तसाच," त्या म्हणाल्या, आणि तिथेच सगळं ठरलं.

बाबल्याचे आजोबा हरिश्चंद्रआबा म्हणजे देवळातला गावाचा आवाज. सण असो, लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो, आबा देवासमोर उभे राहून अख्ख्या गावाच्या वतीने देवाशी बोलत, आणि त्यांच्या एकेका वाक्याला मागे उभा असलेला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणे. गावाचं व्हय पडलं की वाक्य देवाकडे पोचलं. नाही पडलं तर ते तिथेच देवळाच्या आढ्याला लोंबकळत राहतं, असं कातळवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"बाई, आमच्यात दुआ मागताना आमीन म्हणतात," समरीन म्हणाली. "तां चालेल?"

"चालेल की."

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा गणिताचा तास होता. पाठमोरे उभे राहून, गेली तीस वर्षं ज्या सुरात सांगत आले त्याच सुरात त्यांनी सांगितलं, "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते."

"व्हय म्हाराजा!"

खडू तुटला. पाठोपाठ समरीन आणि हमझाचं "आमीन" आलं.

गुरुजी गर्रकन वळले. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण समोर अकरा जोड डोळे टवटवीत, माना डुलतायत. आजवर त्रिकोणाच्या बाबतीत कोणी त्यांच्याशी इतकं सहमत झालं नव्हतं. तोंड मिटून ते पुन्हा फळ्याकडे वळले आणि त्या दिवशीच्या पाठात नसलेला चौकोनही शिकवून मोकळे झाले.

हे वारं मग घराघरात शिरलं. बाबल्याची आई मालन पदर खोचूनच शाळेत आली.

"बाई, काय शिकवलात ह्याला? काल मी ह्याच्यावर रागावले, तर हा पाट घेऊन समोर बसला. डोळ्यांत डोळे घालून! मी म्हटलं, मेल्या, तुला काय अक्कल हाय की नाय? तर मान हलवून म्हणतो, व्हय म्हाराजा! मी म्हटलं, तुझ्या आवशीनं किती मरायचं? तर म्हणतो, व्हय म्हाराजा!"

"मग?"

"मग काय, अर्ध्यावर हसू फुटलं माजं. चांगला पिकलेला राग, फुकट गेला वं!"

पण सगळ्याच घरांतून तक्रार आली नाही. समरीनचे बाबा नझीर दुबईला होते. एरवी ते फोनवर दोन शब्द बोलून "बरं, ठेवतो" म्हणायचे. आता ते तासतासभर बोलू लागले होते. तिथल्या उन्हाचं, खोलीतल्या सोबत्यांचं, स्वतः रांधलेल्या फसलेल्या सांबाराचं. मुलगी नुसतं ऐकत होती आणि मधूनमधून आमीन म्हणत होती.

खरी पंचाईत झाली शुक्रवारच्या परिपाठाला. गुरुजींनी जाहीर केलं, "या शनिवारी खेळाचा तास होणार नाही."

कोणी काही बोललं नाही. आगाऊपणा नव्हता, कुजबुज नव्हती. फक्त माना डुलायच्या थांबल्या. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसं गुरुजींचं झालं. ते थांबले, खाकरले. शांतता. वाक्य आढ्याला लोंबकळत होतं.

"म्हणजे... पहिल्या तासाला होणार नाही," गुरुजींच्या तोंडून आपसूक निघालं. "शेवटच्या तासाला होईल."

"व्हय म्हाराजा!"

परिपाठ संपताच त्यांनी बाईंना गाठलं. "बाई, हे आधी बंद करा. माझ्या तोंडून माझ्याच मनात नसलेली वाक्यं निघायला लागलीत. साहेबांसमोर असलं काही झालं, तर वर्ग हललाच म्हणून समजा."

बाईंनी मुलांना समोर बसवलं. "हे बघा, साहेब येतील तेव्हा नुसतं बघायचं आणि मान हलवायची. आवाज नाही. ओठ शिवल्यासारखे."

"मनातल्या मनात आमीन चालेल?" समरीनने विचारलं.

"मनातल्या मनात चालेल."

साहेब आले त्या दिवशी कातळवाडी मोहराच्या वासाने घमघमत होती. गाव शाळेत लोटला होता. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून हरिश्चंद्रआबा पांढरी टोपी घालून पहिल्या खुर्चीत बसले होते, मांडीवर सत्काराचा नारळ. खानविलकर साहेब मूळचे लांज्याकडचे, पण नोकरीत त्यांची भाषा कडक इस्त्रीची झालेली. त्यांच्या खिशातून एक घडी घातलेला कागद डोकावत होता, आणि योगिनीबाईंची नजर त्या कागदावरून हलत नव्हती.

आधी मुलांनी प्रात्यक्षिक दाखवलं. सानवी झाली होती साहेब आणि हमझा नोकर.

"मॅडम, पाच दिवसांची रजा हवी होती."

"कारण?"

"गणपती."

"तुझ्या घरी कुठे रे गणपती?"

"बाबल्याच्या घरी हाय ना! माझ्या वाटणीचे मोदक कोण खाणार?"

"मंजूर!" सानवी म्हणाली आणि अख्ख्या गावाने टाळ्या पिटल्या. साहेबही गालात हसले. योगिनीबाईंना जरा श्वास सापडला.

मग साहेब बोलायला उभे राहिले. "आज या ठिकाणी उपस्थित असलेले..." त्यांनी सुरुवात केली. भाषणाच्या वेळी लोक मोबाइल बघतात, जांभया देतात, याची त्यांना सवय होती. इथे मात्र अकरा पोरं टक लावून त्यांच्याकडे बघत होती आणि प्रत्येक वाक्याला अकरा माना वाऱ्यावरच्या भातासारख्या लवत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. बाबल्याचे तर दाबून दाबून पांढरे पडलेले. साहेबांना जरा चमत्कारिक वाटलं. कुठल्याही वक्त्याने विचारावं तसं त्यांनी सहज विचारलं,

"ऐकताय ना मुलांनो?"

आता थेट विचारल्यावर काय करणार?

"व्हय म्हाराजा!"

नुसती मुलंच नाहीत. जन्माची सवय, मागे बसलेल्या आया, बाप, दाराशी उभे असलेले खलाशी, सगळ्यांच्या तोंडून ते एकदम निघालं. त्याच्या शेपटाला "आमीन!" गुरुजींनी डोळे मिटून घेतले. योगिनीबाईंनी खुर्चीचा दांडा धरला, एस.टी.त धरायच्या तसा.

साहेबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. धुक्याच्या मागून डोंगर दिसू लागावा तसा कोणी एक लांज्याकडचा मुलगा हळूहळू दिसायला लागला. त्यांचा आवाजच बदलला.

"या शाळेच्या भिंतींना रंग लागाया हवा!"

"व्हय म्हाराजा!"

"नळाला पाणी याया हवं!"

"व्हय म्हाराजा!" "आमीन!"

"पोरांच्या हाताला पुस्तकं मिळाया हवीत, नवी कोरी!"

शाळेची कौलं थरथरली. साहेबांना घाम फुटला होता, पण तो आनंदाचा होता. आणि त्याच भरात त्यांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला. कागद उघडला तशी आवाजाला पुन्हा इस्त्री आली.

"तथापि, पट कमी असल्यामुळे सहावी व सातवीचा वर्ग खाडीपलीकडील शाळेत हलवण्याचा विचार आहे."

सुरूच्या झाडांची सळसळ ऐकू आली. लांब खाडीत एका होडीचं इंजिन टकटकत होतं, तेही ऐकू आलं.

"तिथे मैदान मोठं आहे," साहेब म्हणाले.

शांतता.

"होडीची सोयसुद्धा... करता येईल."

हरिश्चंद्रआबांनी सावकाश मान वर केली आणि आढ्याकडे पाहिलं. त्यांच्या पाठोपाठ सगळ्या गावाने पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. तिथे कोळिष्टकांखेरीज काही नव्हतं. पण लांज्याच्या माणसाला तिथे काय लोंबकळतंय ते स्पष्ट दिसलं.

पोरं रागावलेली नव्हती. उलट त्यांना साहेबांची कीव येत होती. बाबल्या तर तोंड अर्धवट उघडून तयार होता, की साहेबांनी फक्त व्हय म्हणण्याजोगं काहीतरी बोलावं, पुढचं तो बघून घेईल. समरीनचे पाय बाकाखाली थांबले होते.

"हलवण्याचा विचार..." साहेबांनी कपाळ पुसलं, "...होता."

"व्ह..." बाबल्याच्या तोंडून निसटलं.

बुडत्याच्या हाताला दोर लागावा तसं साहेबांनी ते अर्धं अक्षर धरलं. "होता! पण मी आज हयसर येऊन डोळ्यांनी बघितलं!"

"व्हय म्हाराजा!"

"ही पोरं ऐकत्यात! अशी पोरं मी कुठं बघितली नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आन् ह्यो वर्ग हयसरच ऱ्हाणार, असा अहवाल मी देणार!"

पुढचं व्हय पार पूर्णगडच्या किल्ल्यावर ऐकू गेलं असावं. आबा उठलेच. नारळ दोन्ही हातांत धरून त्यांनी तिथेच गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांच्या म्होरं साहेबानं जो सबूद दिलाय, तो कागदावर उतरू दे, कागद फायलीत जाऊ दे, फायल वर जाऊ दे, वर गेल्याली फायल खाली येऊ दे, आन् मधी कोन आडवा आला तर त्याला बी आमच्या पोरांवानी ऐकायची बुद्धी दे रे म्हाराजा!" व्हय पडलं, आमीन पडलं, आणि शाळेच्या पायरीवर नारळाची दोन शकलं झाली. खोबऱ्याचा पहिला तुकडा साहेबांच्या हातात आला.

निघताना जीपजवळ साहेबांनी योगिनीबाईंना हाक मारली. मागे खिडकीत अकरा डोकी दाटीवाटीने उभी होती.

"बाई, हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही साहेब. मी नुसती मान हलवायला शिकवली होती. बाकीचं त्यांचं त्यांना येत होतं."

"इतकी वर्षं भाषणं करतोय," साहेब हळूच म्हणाले. "आज पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं हो. आणि कोणी ऐकतंय म्हटल्यावर मलाही कळलं, मी काय बोलतोय ते." त्यांनी खोबरं चावलं आणि त्यांचे डोळे चमकले. "हे आमच्या सगळ्या अधिकाऱ्यांना शिकवायलाच हवं. पुढच्या महिन्यात शिबिर आहे. तुम्ही या शिकवायला."

"मी? बरं... कुठे आहे शिबिर?"

"मंडणगडला."

बाईंचा रंग तिथल्या तिथे कैरीवर गेला. "साहेब, त्याचं काय आहे, मला खरं तर ती वाट..."

पण साहेब बोलत होते, आणि मुलं ऐकत होती. बाईंनी शिकवलं होतं अगदी तसं, डोळ्यांत डोळे घालून, माना डोलवत.

"तर मग योगिनीबाई मंडणगडला येणार!"

"व्हय म्हाराजा!"

"आमीन!"

बाईंनी मागे वळून पाहिलं. अकरा तोंडं अभिमानाने फुलली होती. पायरीवर आबा दुसऱ्या नारळाची शेंडी काढत होते.

"आता माझ्या हातात काही राहिलं नाही बाई," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

खिडकीतून समरीनचा हात बाहेर आला. मुठीत आलेपाकाची पुडी होती, गेल्या खेपेपेक्षा मोठी.