विटंबनेचा पंचनामा

फडकेमामांचं आडनाव फडके नव्हतं. पण एकोणीस वर्षं खांद्यावर फडकं टाकून युद्धस्मारक पुसत आलेल्या माणसाला उद्यान खात्यातल्या लोकांनी दुसरं काय म्हणावं? त्या दिवशी सकाळी सात वाजता मामा कामावर आले आणि स्मारकाचा पांढरा चबुतरा लालभडक झालेला त्यांनी पाहिला. चबुतऱ्यावर कोणीतरी बादलीभर रंग फेकला होता. आता अशा वेळी माणसाच्या मनात देश, इतिहास, हुतात्मे असं काहीतरी यायला हवं. मामांच्या मनात आलं, 'गेली रजा.'

रजेचं असं होतं, की मामांच्या लेकीला बाळ होऊन दीड महिना झाला होता, आणि आजोबांनी नातवाला फक्त फोनवर पाहिलं होतं. तेही बहुतेक वेळा पोरगं झोपलेलं. तीनदा रजा मागितली, तीनदा नामंजूर झाली. एकदा पाहुणे यायचे होते, एकदा तपासणी होती, आणि एकदा साहेब सही करायलाच विसरले. चौथ्यांदा आठ दिवस मिळाले होते, ते आज दुपारपासून. चारची बस होती. सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना बायको म्हणाली होती, "अहो, या वेळी काही निघालं तर मी एकटी जाईन. आणि परत कधी येणार ते मला विचारायचं नाही." तिचा आवाज शांत होता, म्हणून मामा जास्त घाबरले होते.

मामांनी चबुतऱ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचार केला. कळवलं तर साहेब येणार, साहेबांचे साहेब येणार, आणि रजा पुन्हा फायलीत जाऊन बसणार. न कळवता पुसलं तर कोणाला कळतंय? रंग पाण्यातला होता, स्वस्तातला, आणि अजून ओला होता. ओला डाग तासाभरात जातो, वाळला की आठवडा खातो, एवढं त्यांना दगडाच्या संगतीत राहून कळलं होतं. त्यांनी नळाला पाइप लावला, साबण कालवला आणि साडेआठपर्यंत चबुतरा आरशासारखा केला. वरच्या शिळेवरच्या नावांवर एक थेंबही उडालेला नव्हता, तरी दात घासायच्या जुन्या ब्रशने त्यांनी तीही घासली. त्रेसष्ट नावं. हाताला सवय, दुसरं काय?

फक्त एक गोष्ट मामांना ठाऊक नव्हती. ज्यांनी रंग फेकला त्यांनी तो फेकतानाचा व्हिडिओ काढून पहाटेच सगळीकडे पाठवला होता. मामा साबण कालवत होते तेव्हा अर्धं गाव तो बघून संतापत होतं, आणि उरलेलं अर्धं चहा घेऊन संतापणार होतं.

साडेनऊला लोक यायला लागले. राग घेऊन घरून निघालेल्या माणसाला रागवायला जागा मिळाली नाही, की त्याची फार पंचाईत होते. सगळ्यांच्या पुढे एक पेन्शनर होते. हे रोज सकाळी फिरायला येत आणि बुटाची नाडी बांधायला पाय चबुतऱ्यावर ठेवत. ते चष्मा पुसून म्हणाले, "कुठे आहे विटंबना?"

"पुसली," मामा म्हणाले.

"पुसली? कोणाला विचारून?"

मागून नगरसेवक आले, हार घेऊन आणि फोटोग्राफर घेऊन. फोटोग्राफरने एका डोळ्याने पाहिलं आणि कॅमेरा खाली केला. "साहेब, मागे लाल दिसत नाही. हे नुसतं हार घातल्यासारखं दिसेल."

"शेकडो वीरांचा अपमान झाला आणि दिसत नाही म्हणजे काय?" नगरसेवक म्हणाले.

"त्रेसष्ट," मामा म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

चॅनेलवाल्या बाईंनी मामांच्या तोंडापुढे माइक धरला. "हे सगळं पाहून तुमच्या भावना काय आहेत?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "भावना ठीक आहेत. साबण संपलाय."

एवढ्यात रंग फेकणारेही आले. दहा-बारा कॉलेजातली मुलं, हातात 'युद्ध नको'चे फलक, आणि पुढे एक जाड भिंगांची मुलगी. ती स्वच्छ चबुतरा पाहून लालेलाल झाली. "आमचा निषेध कोणी पुसला? हा आवाज दाबण्याचा प्रकार आहे."

"बरोबर बोललीस," पेन्शनर म्हणाले आणि मग आपण कोणाला दुजोरा दिला ते लक्षात येऊन खोकले. पण खरं सांगायचं तर सकाळपासून दोन्ही बाजूंचं एकमत झालं होतं ते एवढ्या एकाच गोष्टीवर, की मामांचं चुकलं.

पोलिसांच्या जीपमधून फौजदार उतरले. त्यांनी मुलीला जीपमध्ये बसवलं, पंचनाम्याचे कागद काढले, दोन पंच शोधले, आणि मग चबुतऱ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "डाग कुठाय? डाग नाही तर पंचनामा कशाचा करू? आणि पंचनामा नाही तर हिला बसवून कशाला ठेवलीय?"

"मग उतरू का?" मुलीने विचारलं.

"तू बस गं."

उद्यान खात्याचे अधीक्षक, म्हणजे मामांचे साहेब, तोवर धापा टाकत पोहोचले होते. फौजदार आणि साहेब झाडाखाली बराच वेळ कुजबुजले. मग साहेबांनी मामांना बाजूला घेतलं. "मामा, पुरावा नष्ट करणं हा गुन्हा असतो, माहितेय ना? एक करा. व्हिडिओत होतं तसं परत करून द्या. पंचनामा झाला, फोटो झाले, की लगेच पुसा आणि रजेवर जा."

"साहेब, माझ्या हाताने रंग फेकू?"

"रजा पाहिजे की नको?"

मामांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. मागणीपत्र भरून त्यांनी भांडारातून लाल रंगाचा डबा आणला. पंच असलेल्या पेन्शनरांनी फोनवरचा व्हिडिओ समोर धरला, आणि मामा ब्रश घेऊन चबुतऱ्यावर कडेकडेने, ओघळ न येऊ देता, रंग लावायला लागले.

"अहो, काय करताय?" फौजदार म्हणाले. "एवढी नीटनेटकी विटंबना कोण करतं? फेका. जरा द्वेषाने फेका."

मामांनी डबा उचलला, पण हात काही मागे जाईना. एकोणीस वर्षं ज्याच्यावर साधी धूळ बसू दिली नाही, त्याच्यावर द्वेष कुठून आणायचा? त्यांनी जीपकडे पाहिलं. "ताई, तू दाखव की एकदा. तुला जमलंय."

"मी दुसरा गुन्हा करणार नाही," मुलगी म्हणाली. मग तिला त्यांचं तोंड बघवेना. "काका, नावांना काही होणार नाही. आम्हीही नावांवर टाकला नव्हता. खालून फेका, कमरेच्या उंचीवरून. आणि डोळे मिटून घ्या."

मामांनी डोळे मिटले आणि फेकला. अगदी व्हिडिओतल्यासारखा पडला. फौजदारांचा पंचनामा झाला, नगरसेवकांचा हार झाला, फोटोग्राफरला मागे लाल मिळालं. सगळे समाधानाने आपापल्या घरी संतापायला गेले.

समोरच्या इमारतीतल्या गॅलरीत मात्र एक गृहस्थ कपडे वाळत घालत होते. त्यांनी हे सगळं फोनमध्ये टिपलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'खरा गुन्हेगार खात्यातलाच'. वीस मिनिटांत ते गावभर झालं. गेलेले लोक तसेच माघारी आले. नगरसेवकांनी मामांना अटक करा म्हटलं. कॉलेजच्या मुलांनी, आमचं आंदोलन बदनाम करायला सरकारनेच माणूस नेमलाय, अशा घोषणा दिल्या. पेन्शनर म्हणाले, "मला याच्यावर आधीपासूनच संशय होता." व्हिडिओ धरून उभे असताना उडालेला रंग त्यांच्या हाताला अजून लागलेला होता.

"साहेब, तुम्हीच सांगितलंत ना?" मामांनी विचारलं.

"तोंडी सांगितलं होतं," साहेब जमिनीकडे बघत म्हणाले. "तोंडी गोष्टीची नोंद नसते, मामा. वरून फोन येतायत. माझाही नाइलाज आहे." आणि त्यांनी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, निलंबनाचा आदेश लिहिला. एकोणीस वर्षांत साहेबांची सही एवढ्या लवकर झालेली मामांनी पहिल्यांदाच पाहिली.

मामांनी कागद खिशात घातला, आणि सवयीने फडकं ओलं करून चबुतऱ्याला लावलं. रंग हलेना. घासलं, तरी हलेना. डब्यावर वाचलं, तर तो रस्त्याच्या दुभाजकांना मारायचा रंग होता. ऊन, पाऊस, धूळ, कशालाही दहा वर्षं दाद न देणारा. आंदोलकांनी आणला होता तो पाण्याने जाणारा. खात्याने दिला तो हमीचा.

"हात लावू नका," साहेब ओरडले. "तुम्ही निलंबित आहात. शिवाय तो पुरावा आहे."

मामा घरी पोहोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. बायकोने सगळं फोनवर पाहिलं होतं. तिने पाण्याचा तांब्या दिला. मामांनी खिशातला कागद तिच्यापुढे ठेवला आणि खाली बसले. "एकोणीस वर्षांत एक मेमो नव्हता गं मला," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच रडू आलं.

तिने कागद दोनदा वाचला. "हे किती दिवस?"

"चौकशी पूर्ण होईपर्यंत."

"चौकशी कोण करणार?"

"समिती."

"समिती नेमली?"

"नेमायला अजून बैठक व्हायची आहे."

एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या खात्याची तिलाही बऱ्यापैकी ओळख झाली होती. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि कागदाची नीट घडी घातली. "म्हणजे पोरगं चालायला लागेपर्यंत राहता येईल," ती म्हणाली. मग उठून तिने भरलेली बॅग पुन्हा उघडली, आणि मामांचे आणखी सहा शर्ट आणि स्वेटर आत घातला.