शेंडा मीच खाल्ला

आमच्या जावा बेटावर माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'इंग्गिह' म्हणतो. इंग्गिह म्हणजे 'हो जी'. पण त्याचा खरा अर्थ 'तुमचं बोलणं कानावर आलं' एवढाच. (गळकं छप्पर दुरुस्त करा, असं बायको मला बावीस वर्षं सांगतेय. मी बावीस वर्षं इंग्गिह म्हणतोय.)

सेमारांगच्या आमच्या काढ्यांच्या कंपनीत मी तक्रार विभागाचा प्रमुख. हा विभाग आणि खालच्या मजल्यावरचा पाठवणी विभाग एक करायचं डायरेक्टर पाक हांदोयोंनी ठरवलं. (आमच्याकडे पुरुषाला मानाने 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.) मला बोलावून म्हणाले, "पाक तुकिजान, तुमच्या माणसांना बदलासाठी तयार करा. कोणाचीही नोकरी जाणार नाही. पण शुक्रवारपर्यंत टेबलं खाली गेली नाहीत, तर मला तुमच्या खुर्चीचा विचार करावा लागेल."

सोमवारी मी माणसांना समजावलं. इंग्गिह. मंगळवारी फळ्यावर बाण काढून समजावलं. इंग्गिह, इंग्गिह. बुधवारी टेबलं जागच्या जागी, आणि एकतीस वर्षं नोकरी झालेल्या बू वार्सितींनी तर आपल्या टेबलाला नवं प्लास्टिक घातलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बसलो तर उठावंसं वाटे, उठलो तर कुठे जावं कळेना.

शेवटी ठरवलं, तुंपंग न्यायचा. पिवळ्या भाताचा उंच सुळका, भोवती कोंबडी, अंडी, भाज्या. शुभकार्यात तो कापला की माणसं विरघळतात. मुर्तिनीने, म्हणजे बायकोने, पहाटे उठून नारळाच्या दुधात भात शिजवला.

"अहो मास, शेंडा कोणाला देणार ते आधी ठरवा," ती म्हणाली. "मानाचा असतो तो."

"तिथे बघू," मी म्हणालो. (माझी बहुतेक संकटं या दोन शब्दांपासून सुरू होतात.)

कचेरीत सगळे जमले. मी शेंडा कापला आणि ताटली अदबीने डायरेक्टरांपुढे धरली. ते हसून म्हणाले, "आज गुरुवार. माझा उपास."

दर गुरुवारी असतो, मला चांगलं ठाऊक होतं. पण ऐन वेळी आठवेल तर शपथ! ताटली तशीच हवेत, शेंडा एका बाजूला कलतोय. समोर बू वार्सिती उभ्या होत्या. दिली त्यांच्या हातात.

खोलीतल्या सगळ्यांनी बू वार्सितींकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या कचेरीतले मागचे तिन्ही शेंडे निवृत्त होणाऱ्यांना मिळाले होते.

"इंग्गिह, पाक," बू वार्सिती म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "एकतीस वर्षं झाली. निदान आधी तोंडी तरी सांगायचं होतंत."

अहो तसं नाही, तसं नाही, असं मी सांगत सुटलो. जितकं सांगावं तितका गुंता वाढे. कोणीतरी त्यांचा खण रिकामा करायला खोकं आणलं. उरलेले भाताकडे असे बघत होते, जणू पुढच्या घासावर आपलंच नाव आहे. डायरेक्टर घड्याळ बघत होते. काय करावं सुचेना, तेव्हा मी बाईंच्या हातातली ताटली ओढली.

"या शेंड्याला काही अर्थ नाही," मी म्हणालो. "बघा, मीच खातो."

आणि उभ्याउभ्या, मिरचीसकट, सगळा खाल्ला.

मग बू वार्सितींनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आमच्यासाठी एवढं केलंत, पाक." बाकीचेही एकेक करून हात मिळवून गेले. आणि काय सांगू, अर्ध्या तासात सगळी टेबलं खाली! बू वार्सिती जिन्यात उभ्या राहून 'कोपरा सांभाळा' म्हणून हुकूम सोडत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. गड जिंकला होता.

कचेरी सुटताना डायरेक्टरांनी बोलावलं.

"मोठं मन तुमचं," ते म्हणाले. "दोन विभाग एक झाले की प्रमुखही एकच. तुम्ही की पाठवणीचे पाक गुनार्दी, या विचाराने मी आठवडाभर बेचैन होतो. तुम्ही सगळ्यांदेखत निरोपाचा शेंडा स्वतःच खाल्लात, मला सोडवलंत. नोकरी आहेच. उद्यापासून बू वार्सितींच्या शेजारी बसा, काम त्या शिकवतील."

मला 'नाही' म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं हो.

"इंग्गिह," मी म्हणालो.