माणिककाकांच्या भिंती

हैदराबादेत, आमच्या मलकपेठच्या अपार्टमेंटमध्ये एकदा स्कूटरसाठी शेड बांधायचं ठरलं, आणि पुढे बरेच दिवस आम्ही सगळे नसलेल्या भिंतींना वळसा घालून चालत होतो.

हे काम माणिककाकांचं. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. एका सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले, तर मागच्या आवारात पांढऱ्या रेघांचा भलामोठा चौकोन. मुग्गूच्या पुडीचा. मुग्गू म्हणजे आमच्याकडची तेलुगू रांगोळी. पूड गौलीगुड्याला पोत्यानं मिळते. चौकोनाला एका बाजूला फट ठेवलेली, आणि फटीपाशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भोकं पाडलेला डबा हातात घेऊन काका उभे. दूधवाला नेहमीसारखा तरातरा सरळ आला.

"अरे मियां, भिंतीतून कैकू येतोस? दरवाजा आहे की इकडं!"

दूधवाल्यानं पायाखाली बघितलं. काकांच्या तोंडाकडे बघितलं. आणि किटली घेऊन तो मुकाट्यानं मागे गेला, वळसा घालून दरवाज्यातून आला. मग आम्हालाही तसंच यावं लागलं. काका स्वतः उंच; त्या दरवाज्यातून जाताना ते दर वेळी मान वाकवायचे. चार दिवसांनी पाण्याचा टँकर आला आणि त्याला वळायलाच जागा उरली नाही. काकांनी झाडू आणला, शेड झाडून टाकली आणि दुसऱ्या कोपऱ्यात मांडली.

"विटांची असती तर केवढ्याला पडली असती?" ते म्हणाले. "आरामसे बांधायचं, बेटा."

काका सरकारी खात्यात नकाशे काढायचे. स्वतःला ते ड्राफ्ट्समन म्हणत नाहीत, जुन्या हैदराबादी पद्धतीनं नक्शानवीस म्हणतात. शाळा, दवाखाने, धान्याची गोदामं. टेबलावर काढायचे, साहेब सही करायचे, कागद जिल्ह्याला जायचा. आपण काढलेली इमारत बघायचा योग त्यांना नोकरीत एकदाच आला. कुठल्याशा गावात साहेबांची जीप बंद पडली, आणि समोर काकांची शाळा! ते धावत बघायला गेले. बघतात तर मुलं खिडकीतून आत चाललेली. पाठोपाठ मास्तरही. आधी छत्री आत टाकली, मग पाय. दरवाजा ओढ्याच्या बाजूला होता, आणि तिकडे गुडघाभर चिखल.

"कागदावर चिखल नस्तो," हे वाक्य काका तेव्हापासून बोलतात. परत येऊन ते साहेबांना म्हणाले, काढायच्या आधी विचारायला पाहिजे. साहेब म्हणाले, कुणाला? काका म्हणाले, जे आत जाणार त्यांना. साहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि थोडी रजा घ्या म्हणून सुचवलं.

तेव्हापासून काका विचारतात. सुलतान बाजारात शर्टपीस घ्यायला गेले की दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारतात, "तुमचं काय मत?" एकदा दोघा अनोळखी माणसांत निळ्या आणि बदामी रंगावरून एवढी जुंपली, की दोघंही काही न घेता निघून गेले. दुकानदार आता काकांना बघितलं की शटर अर्धं खाली ओढतो.

माझं माहेर नारायणखेडच्या बाजूला. तेलंगणातलं, पण मराठी बोलणारं गाव. तिथला सरपंच बालाजी माझा चुलतभाऊ. त्याचा फोन आला, "ताई, जुना हॉल पाडला. नवा बांधलालाव." गावच्या बोलीत, बांधतोय. जुना हॉल म्हणजे पत्र्याखालची एक लांबडी खोली. तिथं लग्नं लागायची, मतदान व्हायचं, आणि एरवी तुरीची पोती पडून असायची. नव्याचा नकाशा कंत्राटदारानं आणला होता. समोर मोठी कमान, आत स्टेज, लोखंडी शटर. शहरात राहणाऱ्या गावकऱ्यांनी बघून घ्यावा, म्हणून बालाजीनं तो माझ्याकडे पाठवला. मी तो काकांपुढे ठेवला.

काकांनी कागद उलटा करून बघितला, आडवा करून बघितला. "छान आहे. कुणाला विचारलं?"

मी बालाजीला फोन लावून दिला. तो म्हणाला, "ग्रामसभा झाली की. सगळे होते."

"सगळे म्हंजे कोण?"

बालाजीनं नावं सांगायला सुरुवात केली. ती सगळी पुरुषांची होती. ऐकता ऐकता काका उठले आणि मुग्गूचा डबा भरायला लागले.

रविवारी आम्ही माझ्या गाडीतून गेलो. डिकीत पूड, दोरी, खुंट्या आणि झाडू. पाडलेल्या हॉलची जागा मोकळी पडली होती. काकांनी तिथं कंत्राटदाराचा हॉल जसाच्या तसा जमिनीवर उतरवला. बघायला गाव लोटलं. बालाजी कौतुकानं पुढे आला तो थेट भिंतीतून. "सरपंचसाहेब!" काका ओरडले. बालाजी दचकून मागे झाला. मग लोक चपला काढून, नीट दरवाज्यातून आत आले. चारदोन वडीलधारे नेहमीच्या सवयीनं दरवाज्यातच, पायरीच्या रेघेवर बसले.

बायका मात्र बाहेर. भिंत नव्हती, नुसती पूड होती, पण एकीचाही पाय रेघेच्या आत पडेना.

"आत या की," काका म्हणाले.

"दारात माणसं बसल्यात," लक्ष्मीबाई म्हणाली. माझ्या आईची ही मैत्रीण. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. "जुन्या हालात तरी कुठं आलो आमी? लग्न लागलं तर अक्षता बाहेरूनच टाकलो."

"मग दरवाजा कुठं पाहिजे?"

लक्ष्मीबाईनं मागे वळून बघितलं. तिला वाटलं, प्रश्न दुसऱ्या कुणाला आहे. मागे कुणी नव्हतं. तिनं हात लांब केला. "तिकडं. नळाच्या अंगाला."

गलका झाला. बालाजी म्हणाला, दोन दारं म्हणजे दोन कुलपं, किल्ल्या कोण सांभाळणार? पायरीवरच्या एका आजोबांचं म्हणणं, मागं दार ठेवलं तर भजनातून लोक पळून जातील. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, प्रत्येकाला मान डोलावली, आणि जाऊन नळाच्या बाजूची हातभर रेघ झाडून टाकली.

"नक्को वाटला तर परत बुजवू. बघा तर खरं येऊन."

लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात ठेवत सबंध हॉलला वळसा घालून त्या फटीपाशी गेली. पदर सावरला. मान वाकवून आत आली. ती काकांच्या खांद्याएवढीही नाही, पण वाकली. तिच्या मागं एकेक करत साऱ्या आल्या आणि मधोमध बसल्या. पायरीवरचे आजोबा उगाचच उठून उभे राहिले. दरवाजा बुजवायचं नाव मग कुणी काढलं नाही.

त्यानंतर आम्ही दर रविवारी जायला लागलो, आणि त्या दिवसांची आठवण मला अजूनही स्वप्नासारखी येते. हॉल बांधून व्हायच्या आधीच तो वापरात आला होता. संध्याकाळी लोक त्यात येऊन बसायचे. वर आभाळ, चारी बाजूंनी शिवार, दूर उसाचा हिरवा पट्टा, आणि माणसं म्हणायची, "आत बरं वाटलालंय. हवा येतीय." भजन झालं. एका लग्नाची बोलणी झाली. एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ दोन कोपरे धरून बसायचे; काकांनी एकदा एक भिंत आत सरकवली, तर ते शेजारी शेजारी आले. वाऱ्यानं रेघा उडाल्या, शेळ्यांनी तुडवल्या, तर बायका सकाळी सडा टाकून नव्यानं काढायच्या. त्यांचा हात रांगोळीचा. काकांच्या सरळ भिंतींना जागोजागी कमळं फुटली. काकांना ते पटलं नाही, पण त्यांनी एकही पुसलं नाही.

एकदा कंत्राटदार मोटरसायकलवरून आला. फोनवर बोलत बोलत भिंतीतून आत शिरला.

"भिंत हाय!" सगळं गाव एका आवाजात ओरडलं.

त्याच्या हातातून फोन पडला.

एकाच गोष्टीवरून खटका उडाला. पूर्वेच्या बाजूला काका दर वेळी एक लहान खोली काढायचे. खिडकी किती उंचावर, हे दाखवायला ते विटा रचत. सगळीकडे कमरेएवढ्या, आणि या खोलीत फक्त एक वीट. "एवढ्या खाली खिडकी? शेळ्या येतील की," बालाजी म्हणाला. "आणि खोली कशाला?" काका म्हणाले, सामानाला. पुढच्या वेळी म्हणाले, पोत्यांना. लोक म्हणाले, नको, त्यापेक्षा हॉल मोठा करा. कुणाच्याही शब्दावर भिंत झाडून टाकणारे काका या खोलीला झाडू लावू देईनात. "राहू द्या," एवढंच म्हणत राहिले.

परतताना गाडीत मी विचारलं, "काका, सगळ्यांना विचारता, आणि ही खोली न विचारता?"

संगारेड्डी मागे पडेपर्यंत काका काचेबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "अक्काला खाली गादीवर झोपावं लागायचं, बेटा."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. मी त्या अपार्टमेंटमध्ये राहायला यायच्या आधीच ती गेली होती. आईवडील लवकर गेले, तिनं यांना वाढवलं; दोघांचीही लग्नं राहून गेली. शेवटची काही वर्षं ती अंथरुणावर होती. खाटेवरून पडायची म्हणून गादी जमिनीवर, आणि खिडकी भिंतीत वर. तिला नुसता आभाळाचा तुकडा दिसायचा. ती विचारायची, बाहेर काय चाललंय रे? काका खिडकीत उभे राहून सांगायचे. भाजीची गाडी आली. समोरच्यांनी गाद्या वाळत घातल्या. गल्लीत काहीच नसलं की जवळच्या रेसकोर्सचे घोडे आले म्हणून सांगायचे. पांढरा पुढे, दोन तांबडे मागे.

"आपल्या गल्लीत घोडे?" मी म्हटलं.

"कधीच आले नाहीत. तिला कळायचं. तरी विचारायची, आज पांढरा लंगडत नव्हता ना? जन्मभर खिडक्या काढल्या मी. भाड्याचं घर, भिंत फोडता येईना."

मी घरी येऊन बालाजीला हे फोनवर सांगितलं, आणि बालाजीनं लक्ष्मीबाईला सांगितलं असावं.

पुढच्या रविवारी काका गेल्या गेल्या झाडू घेऊन पूर्वेच्या बाजूला गेले. "मी विचारलं नव्हतं. गलती माझी," म्हणाले आणि त्यांनी स्वतःच ती खोली झाडून टाकली. सगळे बघत राहिले. आम्ही त्या रात्री गावातच मुक्काम केला. सकाळी चहा पिऊन हॉलच्या जागेवर गेलो, तर खोली होती. आधीपेक्षा जरा मोठीच. चारी कोपऱ्यांना कमळं, आणि खिडकीच्या जागी एक वीट.

"कुणी काढली ही?" काकांनी विचारलं.

बायका नळावर भांडी घासत होत्या. कुणी वर बघितलं नाही. नुसती लक्ष्मीबाई म्हणाली, "बाळंतीण असती, आजारी माणूस असतं. गाडी येस्तोवर कुठं पडावं त्यानं? सगळ्यायला इचारलं मी. आता काढू नका."

हॉल उभा राहिला. कंत्राटदारानं सवयीनं त्या खोलीची खिडकी वर ठेवली, तेव्हा बालाजीनं उभं राहून ती फोडून खाली घ्यायला लावली. शेळ्यांसाठी जाळी बसवली. कमान मात्र झाली, तिला कुणी अडवू शकलं नाही.

उद्घाटनाला काका आले. भाषणांत त्यांचं नाव दोनदा चुकलं, मोतीराव म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही वेळा हसून नमस्कार केला. जेवणावळी उठल्यावर ते दिसेनात. शोधत शोधत मी त्या लहान खोलीशी गेले. आत लक्ष्मीबाई चटईवर आडवी झाली होती. दिवसभर राबून गुडघे सुजले होते. काका तिच्या उशाशी, खिडकीजवळ जमिनीवर बसले होते, आणि बाहेर बघत हळू आवाजात सांगत होते.

"बायका नळाकडे चालल्यात. एकीच्या डोक्यावर पातेलं आहे. तिच्या मागं..."

"मला दिसलालंय की," लक्ष्मीबाई म्हणाली.

काका थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या उशीएवढे खाली वाकून खिडकीतून बघितलं.

"हौ," ते म्हणाले. "दिसतंय."

त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीला टेकून बसले. त्यानंतर ते काही सांगत नव्हते. दोघं नुसती बाहेर बघत होती.